आमची वाटचाल : कार्बोरेटरवाल्यांचं गॅरेज

पुण्यात सातारा रस्त्यालगत पद्मावतीला आमचं गॅरेज १९९६ पासून आहे. मी आणि माझा मामेभाऊ, दोघांनी मिळून सुरू केलं. दारात तेव्हा फियाट आणि मारुती ८००. गाडी झटके मारत आली की आधी कॉइलची वायर काढायची, पंपातून कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत धरायची आणि सेल्फ मारायचा. ठोक्याठोक्याला भरदार धार आली तर पंप-फिल्टर ठीक, मग कार्बोरेटर उघडा. धार लुळी पडली तर आधी फिल्टर बदला. गिऱ्हाइकाला समोर उभं करून आम्ही हे दाखवायचो.

२००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या येऊ लागल्या. मी नाना पेठेतून पेट्रोलचा दाब मोजायला प्रेशर गेज आणला आणि तो लाइनमध्ये जोडायला ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बनवून घेतला. त्याचे आटे आजही नव्यासारखे बसतात. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००९ मध्ये मामेभाऊ वेगळा झाला. वेगळं होण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जाताना तो हाताखालची तयार पोरं घेऊन गेला, गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही घेऊन गेला आणि पुढच्याच गल्लीत शटर उघडलं. शिवाय सगळ्यांना सांगत सुटला, "दादा कार्बोरेटरवाला आहे, त्याला एमपीएफआय झेपत नाही. आमच्याकडे स्कॅनर आहे." हे मला अजून लागतं. त्याला पहिला प्लग खोलायला मी शिकवला होता. त्या पावसाळ्यात आमच्याकडे दिवसचे दिवस एकही गाडी यायची नाही. भाडं थकलं, बायकोच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवल्या, जागा सोडायची बोलणीही झाली.

अशात आमचे सर आले. निवृत्त प्राध्यापक, त्यांची पहिली फियाटही आमच्याच हातची. आता एस्टीम होती. सपाटीला गाडी छान, पण कात्रजचा घाट लागला की दम टाकायची. पुढच्या गल्लीत त्यांना नवा पंप घातला होता, इंजेक्टर साफ केले होते, बिल दणदणीत. घाटात रड तीच. स्कॅनरवर काही दिसेना. दिसणार कुठून? त्या गाडीला पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही, मग स्कॅनरवर बिघाडाचा कोड कसा येईल?

मी टी लावून गेज जोडला, लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज वायपरखाली काचेवर अडकवला. सर शेजारी बसले. आयडलिंगला काटा अडीच किलोच्या आसपास, अगदी बरोबर. घाटात पाय दाबला की तो वर जायला हवा, कारण इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधली ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, कमी होतो आणि पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर दाब वाढवतो. इथे काटा उतरत उतरत दोनच्याही खाली आला. "सर, काटा बघा." सर म्हणाले, "बघतोय. पंप नवा आहे ना रे?" पंप नवाच होता, त्याच्यापुढचा फिल्टर जुना होता.

गॅरेजवर येऊन पंपाचा फ्यूज काढला, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. बॅटरीची निगेटिव्ह काढली, खाली फडकं धरून फिल्टर सोडवला. टाकीकडच्या तोंडाने तो पांढऱ्या थाळीत उपडा केला. आधी तपकिरी पेट्रोल, मग गंजाचा चहाच्या भुकटीसारखा गाळ. नवा फिल्टर बाण इंजिनकडे करून बसवला, क्लिपा नव्या घातल्या. पुन्हा घाट, पुन्हा गेज. पाय दाबला तसा काटा वर गेला. सरांनी टाकीही उतरवून धुवायला सांगितली, आणि त्यांच्या सोसायटीतल्या गाड्या एकेक करून आमच्याकडे येऊ लागल्या. बांगड्या सुटल्या. "कार्बोरेटरवाला" म्हणणाऱ्यांपैकी बरेच परत आले. मामेभावाने मात्र आजतागायत तो शब्द मागे घेतलेला नाही.

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना सांगतो, टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका. पत्र्याच्या टाकीत मोकळ्या जागेत ओल धरते आणि गंज तिथेच सुरू होतो. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून तर जास्तच लक्ष ठेवा. इथेनॉल पाणी ओढतं, जुना चिकटा सुटा करून फिल्टरवर आणतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं. फिल्टरसोबत नळीचे तुकडेही बदला, इंजेक्शनच्या गाडीला इंजेक्शनचा दाब सोसणारी नळी घाला, साधी नको. आणि गेज लावल्याशिवाय कुणालाही पंप बदलू देऊ नका.

घाटाआधी गाडी दाखवायची असेल तर सकाळी आणा. सायलेन्सर तापलेला असताना आम्ही पेट्रोलची लाइन सोडवत नाही.