टॅपेट नव्हतेच ते

बाबांची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८४ची. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचा सूर मला लहानपणापासून पाठ आहे. त्यामुळे डिसेंबरात एका सकाळी सेल्फ मारल्यावर बॉनेटखालून टिकटिक आली, तेव्हा पोटात गोळाच आला.

गॅरेजवाल्याने लगेच सांगितलं, ‘टॅपेट.’ म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. सेट करून दिले. दुसऱ्या सकाळी टिकटिक होतीच. पुन्हा नेली, पुन्हा टॅपेट, पुन्हा पैसे. तिसऱ्या खेपेला म्हणाला, ‘आता हाफ इंजिनचं काम काढावं लागेल.’ अडचण अशी की गॅरेज घरापासून सात किलोमीटर. तिथं पोचेपर्यंत इंजिन तापायचं आणि आवाज जवळजवळ नाहीसा व्हायचा. मी विनवलं, ‘रात्रभर इथंच ठेवा, सकाळी पहिला सेल्फ माझ्यासमोर मारा.’ ठेवली. मी पोचायच्या आत पोराने जागा करायला गाडी चालू करून बाहेर काढलेली! आवाज एकदाही न ऐकता इंजिन खोलायला निघाले होते. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे काका सकाळी सहाला घरी आले. हातभर रबरी नळी, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवत. (फॅन आणि बेल्टपासून नळी लांब ठेवा.) टॅपेट कव्हरवर विशेष काही नाही, चौथ्या सिलिंडरजवळ, जळलेला गॅस बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी स्पष्ट फटफट. इन्सुलेशनच्या पकडीने त्यांनी चौथ्या प्लगची वायर क्षणभर काढली. ठिणगी थांबली, त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला आणि आवाजही बंद! टॅपेट असता तर वायर काढूनही वाजत राहिला असता. मॅनिफोल्डच्या सांध्यातल्या गॅस्केटच्या कडेला काळी काजळीही सापडली. गॅस्केट फुटलं होतं. थंड असताना फटीतून गॅस निसटायचा, तापून धातू फुगला की फट मिटायची.

नवं गॅस्केट बसवलं. गाडी फिरवून आणल्यावर, इंजिन निवल्यावर, नट पुन्हा आवळले. हे विसरू नका.

आणखी एक, टॅपेट गरजेपेक्षा घट्ट करू देऊ नका. व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. माझे तसेच घट्ट करून ठेवले होते. काकांनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून परत सैल केले. आवाज खोल ठकठक असा असेल, चढावर वाढत असेल, तर मात्र बेअरिंगची शंका घ्या आणि गाडी चालवू नका. ऑइलची पातळी तर सगळ्यात आधी बघा.

थंड इंजिनाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचं मला तेव्हा सुचायला हवं होतं. आता दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून पहिला सेल्फ मी स्वतः ऐकतो.