नांदूर मध्यमेश्वरचा टिलवा आणि टुंड्रातले लेमिंग

थंडीत नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलात तर बहुतेकांचे कॅमेरे फ्लेमिंगो नाहीतर क्रौंच शोधत असतात. ते आहेतच देखणे, पण मला विचाराल तर तिथला सगळ्यात भारी पक्षी म्हणजे छोटा टिलवा, लिटल स्टिंट. चिमणीएवढा, वजन 20-30 ग्रॅम, धरणाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडला की त्याच्या कडेने मान खाली घालून सारखा टोचत पळत असतो. आणि हा जन्माला येतो कुठे, तर पार वर टुंड्रात, उत्तर नॉर्वेपासून सायबेरियापर्यंत जो पट्टा आहे ना तिथे! सायबेरियातलं तैमिर धरलं तर निफाडपासून सरळ रेषेत साडेपाच हजार किलोमीटरच्या वर.

टुंड्रा म्हटलं की आपल्याला नुसता बर्फ दिसतो, आणि वर्षातला बराच काळ ते खरंही आहे. निफाडचा पारा 5-6 अंशांवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, तिकडे हिवाळ्यात उणे 30 म्हणजे नेहमीचंच. जमीन खाली कायमची गोठलेली, पर्माफ्रॉस्ट म्हणतात ते, उन्हाळ्यात फक्त वरचा थोडासा थर सुटतो, त्यामुळे मुळांना खोल जायला जागाच नाही आणि झाड उंच होत नाही. तिथला आर्क्टिक विलो हा खरंतर वाळुंजाच्या कुळातला, पण जमिनीला चिकटून आडवा पसरतो, खोड बोटाएवढं व्हायलाही कित्येक दशकं जातात. काही झाडं उशीसारखी गच्च गोल वाढतात, आत वारा शिरत नाही आणि बाहेरच्या हवेपेक्षा आतली ऊब बरीच जास्त राहते. रेनडिअर ज्यावर हिवाळा काढतात ती दगडफुलाच्या जातीतली लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते, एकदा तुडवली गेली की परत यायला पिढी जाते.

गंमत म्हणजे पाऊस-बर्फ मिळून पाणी पडतं वर्षाला साधारण 150 ते 250 मिमी, आपल्या येवला-सिन्नरच्या दुष्काळी पट्ट्यापेक्षाही कमी. पण खाली गोठलेली जमीन असल्याने ते मुरत नाही आणि जूनमध्ये जिकडे तिकडे डबकी, दलदल होते, आणि डबकी म्हणजे डास, चिलटं, त्यांच्या अळ्या, चोवीस तास उजेड. टिलवा एवढ्या लांब जातो तो यासाठीच. मादी कधी कधी दोन घरटी करते, एकावर नर बसतो, दुसऱ्यावर ती स्वतः. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालू लागतात आणि स्वतःच किडे टिपून खातात, आईबाप भरवत नाहीत, फक्त ऊब देतात आणि लक्ष ठेवतात.

आता लेमिंग. आखूड शेपटीचा, उंदराच्या नात्यातला गुबगुबीत प्राणी, हिवाळ्यात झोपत नाही, बर्फाखाली बोगदे करून गवत-शेवाळ खात राहतो, पिल्लंसुद्धा तिथेच घालतो. साधारण तीन-चार वर्षांनी त्यांची संख्या प्रचंड वाढते आणि मग कोसळते. लेमिंग भरपूर असले की आर्क्टिक कोल्हा आणि हिमघुबड त्यांच्यावरच जगतात, घुबडं तर कमी लेमिंगच्या वर्षी बऱ्याच ठिकाणी घरटंच करत नाहीत. पण कोल्ह्याला खायला काहीतरी लागतंच ना, मग तो जमिनीवरची अंडी आणि पिल्लं शोधत फिरतो, म्हणजे टिलव्यासारख्यांचीच. तिकडे बर्फाखाली उंदरांचं कसं चाललंय यावर इकडे गोदावरीच्या चिखलात नवे पक्षी किती उतरणार हे बऱ्यापैकी ठरतं, आणि मला हे दरवर्षी आठवतं तेव्हा दरवर्षी तेवढंच थक्क व्हायला होतं.

म्हणूनच टुंड्रा तापतोय ही बातमी मला लांबची वाटत नाही. बर्फ लवकर वितळतो, किडे लवकर निघतात, पक्षी मात्र आपल्या जुन्या वेळेवर पोचतात आणि पिल्लांच्या तोंडी पडायच्या आत किड्यांचा बहर सरायला लागतो. तैमिरमध्ये वीण करणाऱ्या रेड नॉट या टिलव्याच्याच नात्यातल्या पक्ष्यांबद्दल 2016 मध्ये एका अभ्यासात हेच आलं होतं, लवकर वितळलेल्या वर्षांतली पिल्लं लहान भरली, चोची आखूड, मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाळूत खोल असलेले शिंपले त्यांना पोचेनात आणि त्यातली कमीच जगली. टिलव्याचं नेमकं तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण काळजी वाटते, खूप वाटते.

तर यंदा जाल तेव्हा दुर्बीण चिखलाकडेही वळवा. पाय काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळसर असतील आणि अंगाने तपकिरी-राखाडी दिसला तर टेमिंक्स स्टिंट, तोही उत्तरेचाच. पाणकणसाच्या बुडाशी निळ्या गळ्याचा शंकर पक्षी, म्हणजे ब्लूथ्रोट, दिसला तर तोही बघा, त्याचे बरेच भाईबंद टुंड्रातल्या त्याच बुटक्या विलोच्या झुडपांत घरटी करतात. सकाळी लवकर जा, ऊन मागे राहील अशा बाजूला उभे राहा म्हणजे पायांचा रंग नीट कळतो, आणि चिखलात उतरू नका प्लीज, ते तिथे खायला आलेले असतात.