‘निर्माण केलं’ एवढं एकच क्रियापद पुरत नाही

1911 साली इटालियन मिशनऱ्यांनी युगांडातल्या अचोली वडीलधाऱ्यांना विचारलं, “तुम्हाला कोणी निर्माण केलं?” त्यांच्या लुओ भाषेत निर्मितीला स्वतंत्र शब्द नव्हता, म्हणून प्रश्न झाला, “तुम्हाला कोणी घडवलं?” म्हणजे मातीचं मडकं घडवतात तसं. माणूस तर आईच्या पोटी जन्मतो, मग घडवणार कोण? ‘माहीत नाही’ म्हटलं तरी पाहुणे हटेनात. मग एकाला आठवलं, की पाठीच्या कण्याला क्षय झाला की माणसाचा आकार मोडतो, कुबड येतं आणि ते करणारा रुबांगा. “रुबांगा घडवतो,” त्याने सांगितलं आणि कुबड आणणारी शक्ती जगाचा निर्माता ठरली. अचोली कवी आणि विचारवंत ओकोट प'बिटेक यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या वाचनकट्ट्यांवर आणि शाळांत आफ्रिकेतल्या सृष्टिकथा मराठीत सांगायच्या, तर तयारी इथूनच करावी. आधी प्रत्येक कथेतलं मुख्य क्रियापद कागदावर उतरवून घ्या. कांगोच्या खोऱ्यातल्या कुबा लोकांचा देव म्बोंबो पोटात कळ येऊन सूर्य, चंद्र, तारे ओकतो. प्राचीन इजिप्तमधल्या मेम्फिस शहराचा देव प्ताह मनात योजतो आणि जिभेने उच्चारतो. ब्रिटिश म्युझियममधल्या शाबाका शिळेवर ते कोरलं आहे, मधला मजकूर मात्र झिजून गेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंचा आदिपुरुष उन्कुलुन्कुलू वेताच्या बेटातून फुटून निघतो. ओकणं, उच्चारणं, फुटून निघणं ही तीन वेगळी तत्त्वज्ञानं आहेत. सगळीकडे ‘देवाने सृष्टी निर्माण केली’ असं म्हटलं की तिन्ही मरतात. ‘ओकणं’ ऐकून मुलं हसतील. हसू द्या, पण शब्द बदलू नका.

नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या कथेला आपल्याकडे खाडी मदतीला येते. खाली नुसतं पाणी आणि दलदल. वरून साखळीने उतरणाऱ्याकडे गोगलगाईच्या शंखात वाळू आणि पाच नख्यांची कोंबडी. वाळू पाण्यावर ओतली, कोंबडीने ती उकरून चहूकडे पसरवली, जमीन झाली. ती जागा म्हणजे योरुबांचं पवित्र शहर इफे. ओहोटीला ऐरोलीच्या पुलावरून उघडा पडलेला चिखल पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उतरला कोण, यावर पाठभेद आहेत. काही पाठांत ओबाताला हा देव ताडी पिऊन झोपतो आणि काम ओदुदुवा हा दुसरा देव करतो. दोन्ही पाठ सांगा.

या कथांचं सामायिक सूत्र मला यात दिसतं: आरंभी बहुधा शून्य नसतं, पाणी असतं, वेत असतो, काहीतरी असतंच. घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू यांनी तिथल्या अकान लोकांच्या विचाराबद्दल हेच मांडलं, की त्यात ‘काहीच नसण्यातून निर्मिती’ बसत नाही. निर्माता आहे त्यातून जग रचतो.

दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘आफ्रिकन लोक मानतात’ असं म्हणणं. अकान, दिंका, फोन असे जे लोक असतील त्यांचं नाव घ्या. दुसरी, लगेच नासदीय सूक्ताशी तुलना करणं. त्यातलं साम्य खरं आहे, पण ते शेवटी काढा, नाहीतर श्रोता फक्त आपलंच ऐकतो. एका बैठकीला तीन कथा पुरेत.

शेवटची अकानांची ठेवा. आकाश पूर्वी खाली होतं. एक म्हातारी उखळात कांडायची, तिचं मुसळ रोज वर आकाशातल्या न्यामे देवाला लागायचं. कंटाळून तो दूर निघून गेला. हे सांगताना फ्लॅटमध्ये खरं मुसळ उभं उचलून दाखवा, छत जवळ असल्याने पटकन उमजतं. मग त्याच्यापर्यंत पोचायला म्हातारी आपल्या मुलांना उखळांवर उखळ रचायला सांगते. एकच कमी पडतं. ती म्हणते, सगळ्यात खालचं काढा आणि वर ठेवा. इथे स्टीलचे सात-आठ रिकामे डबे रचून ठेवलेले असावेत. खालचा डबा मुलांनाच ओढू द्या.