टोपी आणि प्रश्नचिन्ह

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर आली होती आणि पाऊस असा लागला होता की अंगणातली तुळस दिसेना. फोंड्याजवळच्या आमच्या गावात अशा वेळी आधी वीज जाते, मग इंटरनेट, मग घरातल्यांचा संयम. त्या दुपारी तिन्ही शाबूत होते. ऑफिसच्या एका जुन्या सर्व्हरवर मी शिरलो, काहीतरी लिहिताना एक अक्षर चुकलं, म्हणून बॅकस्पेस दाबली. अक्षर जागचं हललं नाही. उलट त्याच्या पुढे येऊन बसलं ^? हे चिन्ह. आणखी दाबली, आणखी एक आलं. ज्या कळीवर डावीकडे जाणारा बाण छापलाय, ती दाबली की ओळ उजवीकडे वाढत चालली.

मी रागाने टेबलावर थाप मारली असणार, कारण बल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या ओसरीतून, बाबांचा आवाज आला, ‘‘आतां कितें जालें?’’

आमच्याकडे बोलणं कोकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत आणि शिव्या परिस्थितीनुसार. काय झालं ते मात्र यातल्या कुठल्याच भाषेत मला चटकन सांगता येईना. कळफलकावरच्या कळीला काही अर्थ नसतो, ती नुसता आकडा पाठवते. कंट्रोल धरून अक्षर दाबलं की बाराखडीतल्यासारखा त्या अक्षराचा क्रमांक जातो: सी तिसरं म्हणून 3, एच आठवं म्हणून 8. हा 8 म्हणजे ‘एक घर मागे जा’. पण डिलीट म्हणून दुसराच एक आकडा आहे, 127. खोडण्याची कळ दाबल्यावर यातला कुठला पाठवायचा यावर गेली कित्येक वर्षं एकमत नाही. 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलवर, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकावर, दोन्ही कळी वेगवेगळ्या होत्या, भांडणच नव्हतं. 1983 च्या व्हीटी220 वर खोडण्याच्या मोठ्या कळीने 127 धरला, पीसीवाले 8 ला चिकटून राहिले. माझ्या पडद्यावरची टर्मिनलची खिडकी 127 पाठवत होती आणि पलीकडचा सर्व्हर 8 ची वाट बघत होता. न ओळखलेला 127 तो बिचारा जसा दिसेल तसा छापत होता, टोपी आणि प्रश्नचिन्ह.

बॅश हा टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा नेहमीचा प्रोग्राम, म्हणजे शेल, तसा समजूतदार, दोन्ही आकड्यांना खोडणंच मानतो. पण या सर्व्हरवर जुन्या धाटणीचं शेल होतं, त्याला सगळं सांगावं लागतं. एसटीटीवाय ही टर्मिनलची सेटिंग बदलणारी कमांड. ‘एसटीटीवाय इरेज’ लिहायचं, एक जागा सोडायची, कंट्रोल-व्ही दाबून मग ती बंडखोर कळ दाबायची आणि एंटर. गंमत अशी की ही कमांड लिहिताना चुकून चालत नाही, कारण ती कळ खोडायला लागेल ते कमांड चालल्यावरच. चुकलात तर कंट्रोल-यू दाबून आख्खी ओळ टाकून द्या आणि पुन्हा पहिल्यापासून. मी तीनदा टाकली.

बाबा तोवर चष्मा कपाळावर चढवून मागे उभे राहिले होते. त्यांची सगळी नोकरी पणजीला तार खात्यात गेली. 2013 च्या जुलैत देशातली तार बंद झाली तेव्हा ते कधीचे निवृत्त झाले होते, तरी त्या रात्री जेवले नीट नाहीत. त्यांना मी म्हटलं, ‘‘एसटीटीवायमधलं टीटीवाय म्हणजे तुमचं टेलिटाइप, तो टेलिप्रिंटर.’’ त्यांनी खुर्ची ओढली.

मग त्यांनीच मला 127 शिकवला, आकडा न उच्चारता. टेलिप्रिंटरवर पाठवायचा मजकूर आधी कागदी फितीवर भोकं पाडून तयार करायचे. चुकीचं भोक पडलं तर? कागदाचं भोक बुजवता येत नाही. मग फीत एक घर मागे घ्यायची आणि त्याच जागी पाचही भोकं पाडून टाकायची. पाच भोकांचा अर्थ ‘आता अक्षरं’ एवढाच, त्यामुळे कागदावर काही उमटायचं नाही. चूक पुसली जायची नाही, भोकांत बुडायची. मी बोटांवर हिशेब केला. पुढे कोड सात भोकांचा झाला. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सगळी भोकं पाडली की बेरीज 127. माझ्या पडद्यावरचं ते टोपीवालं प्रश्नचिन्ह म्हणजे सात भोकं पडलेला कागदाचा तुकडा होता! इतकी वर्षं या यंत्रांवर पोट भरतोय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कंट्रोल-एसची कथा त्यांना सांगितली नाही, लाजेपोटी. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची बोटांना सवय. टर्मिनलमध्ये तेच केलं की सगळं गोठतं. कळी मेलेल्या, कर्सर मुका. गेल्या पावसाळ्यात मी नेट गेलं असं समजून राउटर दोनदा बंद-चालू केला, कंपनीला फोन करून तिथल्या मुलीवर डाफरलो. ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, लाइन सुरू आहे.’’ होतीच सुरू. कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब, पाठवू नकोस’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘हं, चालू दे’, हा इशारासुद्धा टेलिटाइपच्या काळातला. आता माझ्या सेटिंगमध्ये ‘एसटीटीवाय वजा आयएक्सऑन’ अशी हा इशारा बंद करणारी ओळ आहे. त्या मुलीची माफी मागायची राहूनच गेली.

जाता जाता बाबांनी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताच्या, सामानाची यादी करायला सांगितली. म्हटलं, इथेच करू. सर्व्हरवरच एका फाइलमध्ये मराठीत लिहायला घेतलं: सुपारीचं शिपटं, आंबाडे, कांगलां. ‘कांगलां’वरचा शेवटचा अनुस्वार चुकीचा वाटला म्हणून बॅकस्पेस एकदा दाबली. कळ आता शहाणी झाली होती, पण फाइल उघडून पाहिली तर शेवटी एक काळी चौकट आणि त्यात प्रश्नचिन्ह. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या आजच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तीन आकड्यांचं. या सर्व्हरला ते ठाऊक नसल्याने त्याने एका बॅकस्पेसला एकच बाइट खोडला. अनुस्वाराचा एक तृतीयांश गेला, दोन तृतीयांश फाइलमध्ये पडून राहिला. ‘एसटीटीवाय आययूटीएफ8’ म्हटल्यावर त्याला समज आली.

बाबा त्या प्रश्नचिन्हाकडे बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा खाली घेतला, पडद्याजवळ वाकले आणि तार कार्यालयातल्या नवशिक्याला विचारावं तसं मला विचारलं, ‘‘हें कोणें पंच केलां?’’

अनुस्वार बरोबरच होता. मी तो परत घातला.