हौद्यात उतरलेली माणसं

फुटबॉलची मॅच संपल्याची शिट्टी वाजते, कठड्यावरून उड्या टाकत हजारो माणसं हिरवळीवर धावत सुटतात आणि समालोचकाचा आवाज एकदम शाळेतल्या हेडमास्तरांसारखा होतो. पोरांनी हे बरं केलं नाही, असा सूर. इकडे सांगलीत रात्री अडीच वाजता, आवाज बारीक करून टीव्हीला नाक लावून बसलेला माझा भाचा म्हणतो, "मामा, जिंकलेत की राव! मग नाचू नये व्हय?"

मी भाच्याच्या बाजूचा. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, ऑफसाइड तर अजून डोक्यावरून जातो. पण आम्ही जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेली माणसं. सकाळी देवाला नारळ, दुपारी पाहुण्यांच्या पंगती आणि उन्हं कलली की मैदान. आधी रेवड्यांवरच्या, नारळावरच्या बारक्या पोरांच्या कुस्त्या. मग जोड वाढत जातात, हलगी तापत जाते आणि अंधारून आलं की पहिल्या नंबरची कुस्ती. हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू आणि हळद मिसळलेली असते (हळदीला आमच्याकडे काय तोटा!), त्याचा एक आंबूस वास पुढच्या रांगेत बसलेल्यांना येत राहतो.

आणि मग कुणीतरी घिस्सा डाव मारतो, समोरच्याची पाठ मातीला लागते, पंचांचा हात वर जायच्या आत माणसं हौद्यात. कुणी कुणाला विचारत नाही. फेटे उडतात, पैलवान खांद्यावर. त्याच्या अंगाची माती आपल्या सदऱ्याला लागली तर ती झटकायची नसते. अशात एखादा म्हातारा गर्दीतून वाट काढत येतो, कोपरीच्या खिशातून चौघडी घातलेली नोट काढतो, पैलवानाच्या मुठीत कोंबतो आणि दंड दाबून बघत म्हणतो, "झ्याक लढलास." त्याला नोट द्यायची असतेच, पण तो दंड एकदा हाताला लागायला हवा असतो. टीव्हीवर हिरवळीवर धावणाऱ्या पोरांना तरी दुसरं काय हवं असतं?

इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्यानं परवानगीशिवाय मैदानात उतरणं हा गुन्हा आहे. गंमत म्हणजे त्यांच्या वेम्बली स्टेडियमची सुरुवातच अशा गर्दीनं झाली. १९२३ साली तिथं एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेचा पहिला फायनल होता, बोल्टन आणि वेस्ट हॅम या संघांत. अधिकृत आकडा सव्वा लाखाचा, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त माणसं आत आली आणि सरळ मैदानात सांडली. घोड्यावरच्या पोलिसांनी त्यांना हळूहळू रेषेपर्यंत मागं सरकवलं, त्यातला बिली नावाचा एक घोडा तर इतिहासात जाऊन बसला. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला, माणसं रेषेला चिकटून बसली आणि खेळ झाला. आमच्या मैदानात कार्यकर्ते हातात काठी घेऊन "ए, मागं सरा, मागं" करत फिरतात, तोच प्रकार.

क्रिकेटचंच बघा: लॉर्ड्सवर २५ जून १९८३ ला, विश्वचषकाच्या फायनलला, वेस्ट इंडीजचा होल्डिंग पायचीत झाल्यावर मोहिंदर अमरनाथ स्टंप उपटून पळत सुटला आणि मागून माणसांचा लोंढा आला. ते दृश्य आपण इतक्या वर्षांत कितीदा पाहिलं! 'प्रेक्षकांनी नियमभंग केला' असं म्हणणारा एकही भारतीय मला अजून भेटलेला नाही.

मग बिघडतं कुठं? मला वाटतं, हरलेला अजून तिथंच उभा असतो तिथं. मे २०२२ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं पेनल्टीवर शेफील्ड युनायटेडला हरवलं. लोक मैदानात घुसले आणि त्यातल्या एकानं रेषेजवळ उभ्या असलेल्या शेफील्डच्या बिली शार्पला डोक्यानं धडक दिली. शार्प दुखापतीमुळं त्या दिवशी खेळलाही नव्हता. धडक देणारा तुरुंगात गेला. दोनच दिवसांनी एव्हर्टनच्या मैदानावर हरलेल्या संघाचे प्रशिक्षक पॅट्रिक व्हिएरा गर्दीतून वाट काढत निघाले होते. एकजण फोन रोखून त्यांना डिवचत राहिला. शेवटी व्हिएरांनी लाथ घातली. लाथ चूकच, पण तो फोनवाला माझ्या गावच्या मैदानात असता तर वस्तादानं त्याचा कान धरला असता.

कारण आमच्याकडं हरलेल्याला वाट मिळते. तो उठतो, पाठीवरची माती तशीच, वस्ताद खांद्यावर टॉवेल टाकतो आणि दोघं निघतात. गर्दी जिंकणाऱ्याकडं धावत असली तरी ह्या दोघांपाशी आली की फाकते. कधी बाचाबाची होत नाही असं नाही, पण झाली तर चार कर्ती माणसं मध्ये पडतात. फुटबॉलवाल्यांनी एवढं करावं: पाहुणा संघ आत जाईपर्यंत पाच मिनिटं कळ काढा, मग उघडा फाटक.

"त्यापेक्षा जाळीच लावायची," असं माझे मेहुणे म्हणतात. जाळीचा हिशोब इंग्लंडनं करून झाला आहे. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत माणसं जाळीवर दाबली गेली, मैदानात उतरायला वाट नव्हती. ९७ जीव गेले. त्यानंतर तिथल्या मोठ्या मैदानांवरच्या जाळ्या निघाल्या. आणि १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात कांजुरुहान स्टेडियममध्ये, घरचा संघ हरल्यावर लोक मैदानात उतरले, तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही बसल्या जागेवरच्या प्रेक्षकांवर. माणसं दारांकडं पळाली, अरुंद दारांत अडकली. १३५ मेली. उतरलेल्यांना आवरायला गेले आणि बसलेले गेले. मेहुण्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले चहा टाक.

२०२२ च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगनं, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल स्पर्धेनं, नवा नियम केला: मैदानात घुसणाऱ्यावर किमान एक वर्षाची बंदी. घुसणारं लहान पोर असेल तर त्याला घेऊन आलेल्या आईबापावरही बंदी येऊ शकते. भाच्यानं हे मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवलं. जिंकलेल्या पैलवानाच्या पायाला हात लावायला पोराला हौद्यात ढकलतो, तो आमच्याकडं बापच. हा नियम इकडं आला तर पुढच्या जत्रेला मैदानात पंच आणि हलगीवाला, दोघंच राहतील. आणि हलगीवाल्याचंही खात्रीनं सांगता येत नाही.