रंकाळ्याचं शेवाळ आणि माझा माचा

आज रविवार, म्हणून मिक्सरवर माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा, प्रयोग केला. गेल्या महिन्यात ऑनलाइन सगळ्यात स्वस्त पाकीट मागवलेलं. उघडलं तर रंग मेंदीसारखा, वास वाळलेल्या गवताचा. गंगावेशीतलं म्हशीचं घट्ट दूध, बर्फ, केळं, सगळं घालून फिरवलं. आई ग्लासात डोकावून म्हणाली, "रंकाळ्यातनं आणलंस काय गं हे?"

मागची बाजू वाचली तर निम्मी साखर आणि दूध पावडर! चूक माझीच. चांगल्या माचात एकच घटक असतो, चहाचं पान. तोडणीआधी साधारण ३-४ आठवडे झाडं सावलीत ठेवतात, म्हणून तो पोपटी हिरवा रंग आणि गोडसर चव. पिवळट पडला की समजायचं, माल जुना किंवा हलका.

पण दुधात घुसळायला सगळ्यात महागडा 'सेरेमोनियल' डबाही नको. त्याची नाजूक चव आपल्या म्हशीच्या दुधापुढं टिकतच नाही. (तसाही हा शब्द कुणीही छापतो, त्याला अधिकृत मापदंड नाही.) जरा कडवट, ठसठशीत चवीचा पण रंगाला ताजा असा मधला माल बरा. संध्याकाळी मैत्रिणीकडनं तसला चमचाभर आणला. गाळणीतनं चाळला, कोमट पाण्यात आधी पेस्ट केली, मग दूध-बर्फ. एक गुठळी नाही!

आईनं दोन घोट घेतले. "बरं हाय. पण चहा ठेव आता."