ब्लोअर, पण द्राक्षाचा नव्हे

"गाडीला ब्लोअर बसवतोय" असं दिंडोरीच्या मित्राला सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "टाकी किती लिटरची?" त्याची चूक नाही. आमच्या नाशिककडे ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून द्राक्षबागेत औषध मारायचं यंत्र. मी बोलत होतो सुपरचार्जरबद्दल. इंजिनाच्याच बेल्टवर फिरून हवा इंजिनात कोंबणारा पंप. पुढे हे दोन्ही ब्लोअर त्याच्याच मळ्यात शेजारी-शेजारी उभे राहिले, पण त्याला दहा महिने लागले.

गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची. परवडणारी स्पोर्ट्स कार बनवायचे जे मोजके प्रयत्न आपल्याकडे झाले, त्यातला एक. दिसायला झकास, पण बॉनेटखाली रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ६० बीएचपी. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हवेचा दाब इथे ९४ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे समुद्रकाठी हे इंजिन जेवढी हवा ओढतं त्यापेक्षा इथे सहा-सात टक्के कमीच. हे सगळं बायकोला नीट समजावलं. ती म्हणाली, "मग गोव्यालाच राहायला जाऊ, स्वस्त पडेल."

आधी पेठ रोडला आरटीओत जाऊन विचारलं. उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याचं काय होईल ते वेगळंच. तेव्हाच ठरवलं की ही गाडी यापुढे सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही. कुठे न्यायची तर टोइंगच्या गाडीवर चढवून. ज्यांची रोजची एकच गाडी आहे त्यांनी खरं तर इथेच वाचायचं थांबवावं.

ब्लोअर मिळवणं सगळ्यात सोपं निघालं. आयसिन कंपनीचा एएमआर ५००, जपानी छोट्या गाड्यांवरचा, वापरलेला, तीन आठवड्यांत घरी आला. नावातला ५०० म्हणजे एका फेऱ्यात ५०० सीसी हवा. माझं इंजिन एका फेऱ्यात ११४९च्या निम्मी, म्हणजे साधारण ५७५ सीसी घेतं. क्रँकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची पुली १३० मिलिमीटर, ब्लोअरची ८०. त्यामुळे क्रँकच्या एका फेऱ्याला ब्लोअर १.६ फेरे मारतो आणि ८१० सीसीच्या आसपास हवा पुढे ढकलतो. गळती वगैरे जाऊन ०.३ बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब मिळावा असा हिशेब. इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) मुळातच नऊच्या वर, त्यामुळे यापेक्षा जास्त हाव धरायची नाही.

कागदावर झालं. मग ब्रॅकेट आलं.

ब्लोअर इंजिनावर धरून ठेवणारी ही लोखंडी पट्टी तयार मिळत नाही. बाहेरगावच्या एका माणसाने "तयार किट देतो" म्हणून पंधरा हजार ॲडव्हान्स घेतला आणि फोन उचलणं बंद केलं. शेवटी अंबडमधल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. पुठ्ठ्याचा नमुना कापला, आठ मिलिमीटरची प्लेट, आर्गन वेल्डिंग, सगळं चोख. सरळ पट्टी लावून पाहिलं तर तिन्ही पुल्या एका रेषेत. इंजिन चालू केलं, रेस दिली आणि बेल्ट चिमण्यांसारखा चिवचिवायला लागला. दहा मिनिटांत आजूबाजूला काळी भुकटी. बेल्टची एक कड कुरतडल्यासारखी.

दुसरं ब्रॅकेट केलं, तेच. तिसऱ्या वेळी पुलीमागे अर्ध्या मिलिमीटरच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या टाकून पाहिल्या. पुन्हा तेच. मी बेल्टला शिव्या देत होतो, वेगवेगळ्या कंपन्यांचे चार आणले. काका मात्र स्टूल टाकून बसले, डायल गेज ब्लोअरच्या नाकावर लावलं आणि म्हणाले, "आता मार रेस." काटा सव्वा मिलिमीटर सरकला. "बघ," काका म्हणाले, "बंद असताना सरळ आहे रे. कामाला लागलं की वाकतंय. आमच्या पोरासारखं."

एवढंच होतं. बेल्टच्या ताणाने ब्रॅकेट इंजिनाच्या बाजूला झुकत होतं आणि मी चार महिने बंद इंजिनावर मापं घेत होतो. चौथं ब्रॅकेट बारा मिलिमीटरचं, मागून त्रिकोणी आधार, आणि दोनाऐवजी तीन जागी बोल्ट. शिवाय ब्लोअरच्या पुलीला बेल्टचा वेढा जास्त मिळावा म्हणून एक आयडलर, म्हणजे नुसती फिरणारी जादा पुली. डिसेंबरात ते बसलं. चिवचिव बंद.

पहिल्यांदा बूस्टसकट रेस देऊन पाय काढला आणि बंदुकीसारखा आवाज झाला. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, मिटला तरी ब्लोअर हवा ढकलतच राहतो. ती परत फिरवायला बायपास व्हॉल्व्ह असतो आणि तो उघडतो थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमधल्या) व्हॅक्यूमवर. त्याची बारीक नळी मी थ्रॉटलच्या अलीकडे जोडली होती, जिथे व्हॅक्यूम नसतोच. त्यामुळे रबरी होज उडून थेट बॉनेटवर. फायबरला तडा गेला. तसाही ब्लोअर मावावा म्हणून बॉनेटला टेंगूळ काढायचंच होतं, तेव्हा फारसं दुःख केलं नाही.

ट्यूनिंग दिंडोरीच्या मळ्यात केलं. तिथे खाजगी, सरळ ४०० मीटर सिमेंटचा रस्ता आहे. एप्रिल, खरड छाटणी चालू, ऊन चाळिशीला टेकलेलं. मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, बूस्ट म्हणजे काय ते ठाऊकच नाही, म्हणून प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, मोठे इंजेक्टर आणि हवेचा दाब मोजणारा नवा मॅप सेन्सर आधीच बसवले होते. टाकीत ९५ ऑक्टेनचं पेट्रोल. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन आपोआप पेटून होणारी ठोकठोक, ऐकायला जुनी युक्ती: इंजिनाच्या ब्लॉकला तांब्याची चपटी नळी, तिला रबरी नळी, दुसरं टोक कानात. हवा दाबली की तापते. ब्लोअरमधून निघणारी हवा ८० अंशांच्या वर जात होती आणि नळीतून खडे पडल्यासारखा आवाज येत होता. स्पार्कचं टायमिंग मागे घेतलं, आवाज गेला, पण त्याबरोबर जोरही गेला. मग भंगारातून एका डिझेल गाडीचा छोटा इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारी जाळी, आणून नाकाशी बसवला, तेव्हा कुठे टायमिंग थोडं परत देता आलं. औषधाचा ब्लोअर धुणारा गडी हे सगळं बघत होता. त्याने विचारलं, "याच्यात पाणी कुठून घालायचं?"

मे महिन्यात पुण्याला डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर नेली. चाकांवर आधी ४९ बीएचपी होते, आता ६३. खर्च एक लाख साठ हजार, बुडालेले पंधरा धरून. आमच्या सोसायटीतल्या साध्या हॅचबॅकचं इंजिन कंपनीतूनच ८० च्या वर देतं, हे मला सांगणारे तिघे भेटले. पण दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमला पाय दाबला की आता गाडी वाट बघत नाही, लगेच निघते. टर्बोसारखं थांबून मग ढकलणं नाही. ही हलकी गाडी आधी ज्या जागी श्वास घेत बसायची, तिथेच आता ती शिटी वाजवत पुढे सरकते.

बॉनेटवरचं टेंगूळ अजून प्रायमरमध्येच आहे. काकांनी दुसऱ्या नंबरचं ब्रॅकेट परत दिलेलं नाही. शेडचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते तिथे लावलंय, आणि म्हणतात, तिथे ते अजिबात वाकत नाही.